जुने न पुसता नवे लिहिणे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट आमच्या घरी होती. मामाने ती कधीतरी सुट्टीत टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरून घेतलेली. आजी गेली, पुढे कॅसेटही कुरकुरायला लागली, तेव्हा मी ती संगणकावर उतरवून घेतली. एक फाइल झाली. शहाणपणा म्हणून तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली. डिस्क जुनी झाली की नव्या डिस्कवर सगळे उतरवून घ्यायचे, हा नेमही मी पाळला. मूळ कॅसेट घर बदलताना गेली. पण प्रती आहेत म्हणून कोणाला चुकचुकल्यासारखे वाटले नाही.

काही वर्षांनी आजीच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले होते, म्हणून ती फाइल लावली. तिसऱ्या ओवीच्या मध्यावर आवाज बंद. दोनएक सेकंद नुसती शांतता आणि मग पुन्हा आजीचा आवाज. दुसऱ्या डिस्कवरची प्रत लावली. तिथेही तेच. तिसरीवरही तेच. फाइलचे नाव, तारीख, आकार, सगळे जागच्या जागी. डिस्क व्यवस्थित चालत होती. कुठल्याही संगणकाने कधीही ‘काहीतरी बिघडले आहे’ असे सांगितले नव्हते. केव्हातरी एका डिस्कवर तो तुकडा नासला आणि त्यानंतर मी इमानेइतबारे नासलेल्या फाइलच्याच प्रती काढत राहिलो.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या मुक्या बिघाडाविषयी, आणि तो पकडण्यासाठी काही संगणकतज्ज्ञांनी गेल्या पंचवीस वर्षांत जी एक निराळी व्यवस्था उभी केली तिच्याविषयी. विषय तांत्रिक आहे. पण आता आपले फोटो, आपले हिशेब, दवाखान्याचे कागद, जमिनीचे उतारे हे सगळे डिस्कवर गेले आहे. तेव्हा ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरची झाली आहे.

आधी हे पाहू, की संगणकात फाइल ठेवली जाते म्हणजे काय होते. डिस्क ही एक मोठी वही समजा. तिला लाखो, कोट्यवधी पाने आहेत आणि प्रत्येक पानावर ठराविक मजकूर मावतो. तुमची फाइल ही अशा अनेक पानांत विखुरलेली असते. कुठल्या फाइलची कुठली पाने कुठे आहेत, कुठली पाने कोरी आहेत, याची नोंद ठेवणारा एक कारकून लागतो. त्या कारकुनाचे काम करणारी जी प्रणाली, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. आपल्याला ती कधी दिसत नाही. पण तिने घोळ घातला तर पाने जागेवर असूनही फाइल सापडत नाही.

जुन्या पद्धतीचा कारकून काय करतो? तुम्ही फाइलमध्ये दुरुस्ती केली की तो ते पान उघडतो, जुना मजकूर खोडतो आणि त्याच जागी नवा लिहितो. जागा वाचते, काम सरळ होते. पण लिहिता लिहिता दिवे गेले तर? अर्धे पान जुने, अर्धे नवे. किंवा पान नवे झाले, पण अनुक्रमणिका जुनीच राहिली. आपल्याकडे भारनियमन ज्यांनी भोगले आहे, त्यांना ही अवस्था सांगायला नको. वीज परत आल्यावर संगणक सुरू होताना डिस्क तपासत बसायचा, आकडे सरकत राहायचे आणि आपण देवाचे नाव घेत पडद्याकडे पाहत बसायचो.

यावर एक उपाय निघाला, तो रोजकीर्दीसारखा. मुख्य वहीत लिहिण्याआधी ‘मी अमुक बदल करणार आहे’ अशी नोंद एका वेगळ्या वहीत करायची. मध्येच वीज गेली तर ती नोंद वाचून काम पुरे करायचे. हा उपाय चांगला आहे आणि आजही असंख्य संगणकांवर तोच चालतो. पण सहसा ही रोजकीर्द अनुक्रमणिकेपुरती असते. तुमच्या मजकुराची हमी ती घेत नाही. शिवाय मूळ सवय तीच राहते. जुने खोडायचे आणि त्याच जागी नवे लिहायचे.

आता दुसऱ्या पद्धतीकडे या. हाताने लिहिलेला सातबारा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जमीन विकली, वारस लागला, की तलाठी जुने नाव रबराने पुसत नसे. फेरफार नोंदवहीत नवी नोंद व्हायची, तिला क्रमांक मिळायचा, ती मंजूर झाली की सातबारावर नवे नाव चढायचे आणि जुन्या नावाला कंस पडायचा. त्यामुळे पंजोबांच्या काळापासून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे आजही शोधता येते. आणि फेरफार मंजूर होईपर्यंत जुनी नोंदच खरी धरली जाते. अर्धवट नोंद नावाचा प्रकार नाही.

ज्या फाइल सिस्टिमविषयी मी बोलतो आहे, ती याच रीतीने चालते. तिला ‘कॉपी-ऑन-राइट’ म्हणतात. म्हणजे बदल करायचा झाला की वेगळी प्रत काढून त्या प्रतीवर करायचा. जुन्या पानाला हात लावायचा नाही. नवा मजकूर कोऱ्या पानावर लिहायचा. मग ‘हे पान आता तिकडे आहे’ असे सांगणारे अनुक्रमणिकेचे पानही बदलावे लागते. तेही कोऱ्या पानावर नव्याने लिहायचे. त्याच्या वरचे पानही तसेच. असे करत करत झाडाच्या फांदीवरून खोडापर्यंत जावे तसे सर्वांत वरच्या मूळ नोंदीपर्यंत जायचे. ती मूळ नोंद बदलली की त्या एका क्षणी जुने जग संपून नवे जग सुरू होते. त्याआधी वीज गेली तर जुने जग जसेच्या तसे शाबूत असते.

मग ती मूळ नोंद लिहितानाच वीज गेली तर, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. तीही जुन्या नोंदीवर लिहीत नाहीत. तिच्यासाठी आधीच अनेक जागा ठरवून ठेवलेल्या असतात आणि दर वेळी पुढच्या जागी लिहितात. प्रत्येक नोंदीवर अनुक्रमांक असतो आणि ती धड आहे की नाही हे कळावे असा पडताळा असतो. संगणक सुरू होताना धड असलेल्यांपैकी सर्वांत नवी नोंद ग्राह्य धरतो. बदल काही सेकंदांचे एकत्र करून एका दमात लिहिले जातात. म्हणून वीज गेली तर शेवटच्या काही सेकंदांचे काम जाऊ शकते, पण वही फाटलेली सापडत नाही. बँकेच्या व्यवहारासारख्या ज्या कामात तेवढेही जाऊन चालत नाही, त्यासाठी तातडीच्या नोंदींची वेगळी सोय असते.

या व्यवस्थेचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे झेडएफएस. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरन्स यांनी २००१ मध्ये तिचे काम सुरू केले. २००५ च्या अखेरीस तिचा मूळ कोड सर्वांसाठी खुला झाला आणि २००६ मध्ये ती सनच्या सोलॅरिस या प्रणालीबरोबर ग्राहकांच्या हाती आली. जुने न खोडण्याची कल्पना मात्र त्याआधीची. नेटॲप या कंपनीने १९९० च्या दशकात आपल्या साठवण-यंत्रांत ती वापरलीच होती. सनच्या मंडळींनी तिच्याभोवती एक संपूर्ण घर बांधले.

या घराच्या दोन-तीन खोल्या आपण पाहू.

पहिली खोली स्नॅपशॉटची, म्हणजे क्षणचित्रांची. जुने पान खोडायचेच नाही असे ठरले, की एक मोठा लाभ फुकटात पदरात पडतो. ‘आज दुपारी बारा वाजता सगळी वही जशी होती तशी धरून ठेव’ असे सांगायला काहीच खर्च येत नाही. पानांची प्रत काढायची नाही. फक्त त्या क्षणाची मूळ नोंद जपून ठेवायची आणि तिच्याखालची पाने मोकळी करायची नाहीत. डिस्क कितीही मोठी असो, हे काम निमिषात होते. प्रत्येक पानाच्या नोंदीवर ते कोणत्या फेरीत जन्मले याचा आकडा असतो. त्यामुळे कुठले पान क्षणचित्राच्या आधीचे आणि कुठले नंतरचे हे लगेच कळते. फाइल चुकून पुसली गेली, तर बाराच्या चित्रात जायचे आणि ती उचलून आणायची.

याचे मोल काय ते एका खऱ्या गोष्टीवरून कळेल. १९९८ मध्ये पिक्सार या कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू होते. कोणीतरी संगणकाला एक चुकीचा आदेश दिला आणि चित्रपटाच्या फाइली एकामागून एक पुसल्या जाऊ लागल्या. पडद्यावर पात्रे नाहीशी होताना दिसली, तेव्हा धावपळ करून यंत्र बंद केले. पण तोवर चित्रपटाचा बहुतेक भाग गेला होता. बॅकअप होता, पण तो काही काळापासून नीट घेतलाच जात नव्हता आणि हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. शेवटी गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेच्या घरी एक प्रत निघाली. घरी तान्हे बाळ असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि त्यासाठी त्यांनी ती नेली होती. तो संगणक रजया-ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीत जपून कचेरीत आणला गेला. क्षणचित्राची सोय असती तर एवढे रामायण झाले नसते.

अलीकडे याचा आणखी एक उपयोग पुढे आला आहे. खंडणीखोर प्रोग्रॅम संगणकात शिरतात, सगळ्या फाइली कुलूपबंद करतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभर असाच हाहाकार माजवला होता. क्षणचित्र हे फक्त वाचता येते, त्यात लिहिता येत नाही. त्यामुळे कुलूप लागते ते नव्या पानांना; जुनी पाने खाली तशीच राहतात. मात्र चोराच्या हाती मुख्य व्यवस्थापकाचा पासवर्ड पडला तर तो क्षणचित्रेही पुसू शकतो. तिजोरी पक्की असली तरी किल्ली उंबऱ्याखाली ठेवून चालत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. अशा संगणकाची डिस्क भरली म्हणून माणसे मोठमोठ्या फाइली पुसतात आणि जागा मात्र तसूभरही मोकळी होत नाही. मग ती चक्रावतात. कारण सोपे आहे. ती पाने जुन्या क्षणचित्राने धरून ठेवलेली असतात. आठवणी जपायच्या म्हटल्या की माळ्यावर जागा अडणारच. जुनी चित्रे वेळच्या वेळी काढून टाकावी लागतात.

आता दुसरी खोली, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. आजीच्या ओवीतली दोन सेकंदे जिथे हरवली, त्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

आपण समजतो, की डिस्क एक तर चालते किंवा बंद पडते. तसे नाही. ती मधूनच खोटेही बोलते. लिहिलेला मजकूर एका ठिकाणी बदलतो. कधी ती ‘लिहिले’ म्हणून सांगते आणि लिहीतच नाही. कधी एका जागी लिहायचे ते दुसऱ्याच जागी लिहून मोकळी होते. दोष डिस्कचाच असतो असेही नाही. कधी केबलचा, कधी मेमरीचा, कधी डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅमचा. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या अणुसंशोधन केंद्राने २००७ मध्ये याची पाहणी केली. तीन हजारांवर संगणकांवर ठरावीक मजकुराची मोठी फाइल पुनःपुन्हा लिहायची, परत वाचायची आणि ताडून पाहायची. पाच आठवड्यांत सुमारे १०० संगणकांवर मिळून ५०० चुका सापडल्या. २००८ मध्ये त्याहून मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५ लाख ३० हजार डिस्कांची ४१ महिन्यांची नोंद होती आणि मजकूर व पडताळा न जुळल्याचे चार लाखांहून जास्त प्रकार निघाले होते. एका डिस्कच्या वाट्याला हे क्वचित येते, पण डिस्का कोट्यवधी आहेत आणि वर्षेही अनेक आहेत.

या खोटेपणावर उपाय काय? पडताळा. प्रत्येक पान लिहिताना त्यातल्या मजकुरावरून गणिताने एक आकडा काढायचा. मजकुरात एका अक्षराचा फरक पडला तरी आकडा बदलतो. पान वाचताना आकडा पुन्हा काढायचा आणि जुन्याशी जुळतो का पाहायचे. ही कल्पना नवी नाही. नवी आहे ती आकडा ठेवण्याची जागा.

समजा, तुम्ही पार्सलात पन्नास रुमाल घातले आणि ‘आत पन्नास रुमाल’ अशी चिठ्ठीही त्याच पार्सलात टाकली. वाटेत कोणी सगळे पार्सलच बदलले आणि दुसरे, चिठ्ठीसह धडधाकट पार्सल दिले, तर तुम्हाला कळणार नाही. आतला माल आणि आतली चिठ्ठी जुळेलच. पण चिठ्ठी पार्सलात न टाकता वेगळ्या टपालाने पाठवली तर चोरी लगेच उघडी पडेल. झेडएफएस हेच करते. पानाचा पडताळा त्या पानावर नसतो, तर त्या पानाचा पत्ता सांगणाऱ्या वरच्या पानावर असतो. वरच्या पानाचा पडताळा त्याच्याही वरच्या पानावर. असे थेट मूळ नोंदीपर्यंत. मूळ नोंद खरी असेल तर खालचे प्रत्येक पान तिच्या साक्षीने तपासता येते. अशा साखळीला राल्फ मर्कल या संशोधकाच्या नावावरून मर्कल ट्री म्हणतात; १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती मांडली.

आणि इथे दोन्ही खोल्यांमधला दरवाजा उघडतो. पान बदलले की त्याच्या वरची सगळी पाने बदलावी लागतात, हा कॉपी-ऑन-राइटचा भार वाटला होता ना? त्याच फेरीत सगळे पडताळेही नव्याने लिहिले जातात. एका कामात दुसरे काम होऊन जाते.

चूक पकडली, पुढे काय? इथे दुसरी प्रत लागते. दोन डिस्कांवर तोच मजकूर ठेवला असेल, तर प्रणाली दुसऱ्या डिस्कवरचे पान काढते, त्याचा पडताळा जुळतो का पाहते, जुळला तर ते तुम्हाला देते आणि पहिल्या डिस्कवरची चूकही दुरुस्त करून टाकते. साध्या जोड-डिस्क पद्धतीत दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती हे कळायला मार्गच नसतो. दोन साक्षीदार दोन जबान्या देतात आणि न्यायाधीश नाणे उडवतो, तशातली गत. पडताळा हा तिसरा साक्षीदार आहे. पण हेही लक्षात ठेवा, की मजकूर एकाच ठिकाणी असेल तर प्रणाली फार तर ‘हे पान नासले आहे’ एवढेच सांगू शकते. नासलेले परत आणायला दुसरी चांगली प्रत कुठेतरी असावीच लागते.

ज्या फाइली वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, त्यांचे काय? त्यासाठी ‘स्क्रब’ नावाची सोय आहे. स्क्रब म्हणजे घासूनपुसून साफ करणे. संगणकाला सांगायचे, की महिन्यातून एकदा सगळी पाने वाच आणि पडताळे जुळव. उन्हात गहू घालावे, पापड-कुरडयांचे डबे एकदा उघडून पाहावे, तसेच हे. कीड लागली असेल तर सण येण्याआधी कळते.

तिसरी खोली थोडक्यात पाहू. पूर्वी एका डिस्कवर एक वही असा हिशेब असे. एक भरून वाहायची आणि दुसरी रिकामी पडून राहायची. इथे सगळ्या डिस्कांचा मिळून एक साठा होतो, इमारतीच्या गच्चीवरच्या एका टाकीसारखा, आणि ज्याला जेवढे पाणी लागेल तेवढे तो घेतो. एखादी डिस्क मेली तरी बाकीच्यांवरून मजकूर पुन्हा जुळवता येईल अशी बेतणीही त्यातच असते. जुन्या पद्धतीत ही बेरीज जागच्या जागी बदलावी लागे. मजकूर लिहून झाला आणि बेरीज लिहिण्याआधी वीज गेली, की दोन्ही कायमचे बेमेळ. जुन्यावर लिहायचेच नाही म्हटल्यावर हे भोकही बुजते. शिवाय दोन क्षणचित्रांतला तेवढाच फरक काढून दूरच्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवता येतो. रोज सगळी वही पाठवायची नाही. आजचे फेरफार तेवढे पाठवायचे.

श्रोतेहो, एवढे कौतुक ऐकल्यावर तुम्ही विचाराल, की मग सगळीकडे हेच का नाही? कारण फुकट काहीच नसते. नवे पान दर वेळी नव्या जागी गेल्यामुळे फाइलची पाने विखुरतात. डिस्क जवळजवळ भरली की कोरी जागा शोधताना कारकुनाची दमछाक होते. एवढासा बदल करायला वरपर्यंत अनेक पाने लिहावी लागतात. आणि माणसांची भांडणेही आहेत. झेडएफएसचा कोड खुला असला तरी त्याच्या परवान्याच्या अटी आणि लिनक्सच्या परवान्याच्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत असे अनेक जण मानतात. म्हणून ती लिनक्सच्या मूळ गाभ्यात गेलेली नाही, वेगळी जोडावी लागते. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली आणि पुढचे काम बंद दाराआड नेले. तेव्हा बाहेरच्या मंडळींनी आधी खुला झालेला कोड घेऊन आपली वाट धरली. २०१३ मध्ये त्यातून ओपन-झेडएफएस हा प्रकल्प उभा राहिला आणि तो आजही चालू आहे. लिनक्सच्या गाभ्यात याच विचाराची दुसरी प्रणाली आहे, तिचे नाव बीटीआरएफएस. क्रिस मेसन यांनी ती २००७ मध्ये सुरू केली.

आणि तुमच्यापैकी कोणाच्या खिशात आयफोन असेल तर ही पद्धत तुमच्याकडे आधीच आली आहे. २०१७ पासून ॲपलने आपल्या फोनमध्ये आणि संगणकांत एपीएफएस ही नवी प्रणाली आणली. तीही कॉपी-ऑन-राइट रीतीची आहे. म्हणूनच एखाद्या मोठ्या व्हिडिओची दुसरी प्रत तिथे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तयार होते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ती पडताळा ठेवते तो आपल्या अनुक्रमणिकेचा. तुमच्या फोटोतल्या मजकुराचा नाही. तेव्हा नाव एक म्हणून गुण एक, असे समजू नका.

अजून एक गोष्ट सांगतो, नाहीतर हे भाषण जाहिरात होईल. २०२३ च्या नोव्हेंबरात याच झेडएफएसमध्ये एक दोष उघड झाला. विशिष्ट घाईच्या प्रसंगी फाइलची प्रत काढताना तिचे काही तुकडे कोरे जात. पडताळे सगळे बरोबर, कारण कोरेपणाच नीट नोंदून लिहिला गेला होता. नव्या आवृत्तीत तो ठळक झाला, पण शोध घेता मूळ चूक अनेक वर्षे आत दडून बसलेली निघाली. दुरुस्ती लगेच झाली. पण मुक्या बिघाडाचा शत्रू म्हणवणारी प्रणालीच मुकी बिघडू शकते, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे. यंत्र चूक करते, कारण ते बांधणारी माणसे चुकतात.

म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांनी काय करायचे? घरी झेडएफएस बसवा असे मी म्हणणार नाही. हौस असेल त्याने जरूर बसवावी. पण तिच्यामागचा विचार कोणालाही उचलता येतो. एक, जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नका. मागची एक-दोन वर्षांची प्रत तशीच राहू द्या. मी ते केले असते तर आजीचा आवाज गेला नसता. दोन, प्रत ठेवली म्हणजे काम संपले असे समजू नका. अधूनमधून ती उघडा, ऐका, पाहा. तीन, एक प्रत घराबाहेर ठेवा. क्षणचित्र म्हणजे बॅकअप नव्हे; ते त्याच डिस्कवर असते. २६ जुलै २००५ ला मुंबईत, किंवा २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पाणी आले की कपाटातल्या तिन्ही प्रती एकाच वेळी भिजतात. बहिणीकडे, मुलाकडे, मित्राकडे, कुठेही, पण एक प्रत दुसऱ्या गावी असू द्या.

आता त्या ओवीचे काय झाले ते सांगतो. वर्षश्राद्धाच्या दिवशी फाइल मध्येच गप्प झाली, तेव्हा मी कपाळाला हात लावून बसलो होतो. कोपऱ्यात मावशी बसली होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे. त्या शांततेत तिने ओवीची तुटलेली ओळ तिथूनच उचलली आणि म्हटली. तोवर फाइलमध्ये आजी पुढच्या ओळीवर आली होती. दुसरी प्रत मावशीपाशी होती, आणि ती कधीच कोणी तपासून पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी मी मावशीकडून सगळ्या ओव्या पुन्हा भरून घेतल्या. आजीच्या फाइलमध्ये मात्र मी काहीही जोडले नाही. ती दोन सेकंदांची शांतता तशीच ठेवली आहे आणि मावशीची फाइल तिच्याशेजारी वेगळी ठेवली आहे. दोन्हींची एकेक प्रत परगावी, मामाच्या घरी आहे. दर दिवाळीत ती लावून ऐकायची असे आता ठरले आहे.

तुमच्या घरातली अशी एखादी फाइल आज रविवारी उघडून पाहा. नमस्कार.